पाहुन्यासाठी झाडलेली राई

शुक्रवार, ९ ऑगस्ट. नागपंचमी.

ही वही मला आज मिळाली. हिच्यात एवढंच लिहायचं हाय की साप दिसला का न्हाई. पन रोज एक 'न्हाई' लिहायला एवढी जाड वही कावून नासायची? म्हनून जे घडंल ते लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली माझी, मग बापानं हातात शेरडं दिली. अक्षर वाकडं हाय. असू दे, मला कुठं मास्तरीन व्हायचंय.

सकाळी लाह्या घेऊन रानाईच्या राईत वारुळाला गेले. राई म्हंजे आमच्या टेकडीवरचं देवीचं रान. वड, करंज, लिंब, सीताफळं. तिथं चप्पल न्यायची न्हाई, कुऱ्हाड न्यायची न्हाई, वाळकी काडीसुदीक चुलीला आनायची न्हाई. तिथं एक पोरगी उकिडवी बसून बारक्या दाताळ्यानं पाला उकरत होती. डोक्याला ओढनी गुंडाळलेली.

मी लांबूनच वरडले, "ए पोरी! आजच्या दिवशी जमीन उकरत्यात व्हय? तुझ्या घरच्यांनी सांगितलं न्हाई?"

ती म्हनली, "आजी, आमच्या घरी नागपंचमी नसते."

"मग तू राईत आलीस का राई तुझ्या घरी आली?"

तिनं लगेच दाताळं खाली ठेवलं. "चुकलं आजी. आज नाही उकरत." एवढ्या लवकर चूक माननारं मानूस मला आवडत न्हाई. पुढं भांडायला काय राहतच न्हाई.

मागं कट्ट्यावर एक गडी दोनी पाय वर घेऊन बसला होता. तिचा बाप, मैनुद्दीन. गेवराईच्या स्टँडपाशी फळाचा गाडा हाय त्याचा. पोरीचं नाव उज्मा. संभाजीनगरला मोठं शिक्षन करती, सापाचं.

मी विचारलं, "मारायचं शिकतीस का धरायचं?"

"बघायचं, आजी."

बघायचं शिकायला कालेज लागतंय! आमी इथं जलमभर फुकट बघतोय.

माझं घर राईला चिकटून, गावातलं शेवटचं. म्हनून तिनं वही मला दिली, ती हुडकती त्यो साप दिसला का न्हाई ते रोज लिहायला. आज साप दिसला न्हाई. मातीच्या नागाची पूजा केली तेवढीच.

रविवार, ११ ऑगस्ट

बापलेक आज परत आले. मी ओट्यावर बसवून चहा दिला. सून धनश्रीनं खारी आनली आतून. मग उज्मानं मला मोबाईलवर त्या सापाचा फोटो दाखवला. दोन बोटं फाकवून फोटो तानला, तसा तो सगळ्या काचेवर पसरला. काळा कुळकुळीत, कुशीला पिवळे ठिपके, तोंड टोकदार. चांगला मनगटाएवढा जाड. शेपटीकडून मात्र सुरीनं तिरपा छाटल्यावानी.

"हा केवढा असतो?" मी म्हनलं.

"वीतभर, आजी."

आता मनगटाएवढा जाड आन वीतभर लांब. साप हाय का वरवंटा? शिकलेल्या पोरींना वीत कशी कळावी. मी काय बोलले न्हाई, पाहुनी हाय.

मग तिनं सगळं सांगितलं. मागल्या पावसात ती ह्याच राईत आल्ती. करंजाखालच्या पाल्यात हा साप दिसला. एकच फोटो निघाला, तवर साप मातीत घुसला. फोटो तिच्या सरांना दाखवला तर सर म्हनले, असला साप घाटातल्या ओल्या जंगलात असतो, बीडच्या कोरड्या रानात तो असूच शकत न्हाई. फोटो दुसरीकडचा हाय. संगतीची पोरं हसली. म्हनली, मोबाईलवरून उचलला.

उज्मा म्हनली, "साप दाखवता आला नाही तर मी खोटारडी ठरते, आजी. शिक्षण जाईल ते जाईल. पण पुढे मी खरं बोलले तरी कुणी ऐकणार नाही."

मी बापाकडं बघितलं. "भाई, तुमी होता ना संगं? मग तुमी जाऊन सांगायचं, की मी डोळ्यानं बघितला."

मैनुद्दीन कपात बघाय लागला. "मावशी, तिनं साप म्हनल्याबरोबर मी डोळे मिटले."

धनश्री आत पळाली हसायला. मला हसू आलं न्हाई. एवढा दांडगा बाप, आन पोरीच्या कामाला त्याचे डोळे आले न्हाईत.

बुधवार, १४ ऑगस्ट

साप दिसला न्हाई.

परसातला उकिरडा उकरला, मेथीच्या वाफ्याला खत पायजे होतं. राईतलं लाकूड आनत न्हाईत पन पाल्याला कोन न्हाई म्हनत न्हाई. मी सालोसाल पाटी भरभरून आनते आन शेनात कालवते. खत लोन्यावानी हुतं. त्यात आज एक जाडजूड गांडूळ निघालं. शेपूट तुटकं. माझंच खुरपं लागलं असनार. तांबडी कोंबडी टपून बसलेलीच होती, घेऊन पळाली.

रविवार, १८ ऑगस्ट

उज्मा दिवसभर राईत. हातानं एकेक पान उचलती, खाली बघती, परत होतं तसं ठेवती. असं काम मी बघितलं न्हाई. पान उचलायचं तर उचल, परत कशाला मांडतीस? म्हनं खाली ओल राहायला पायजे.

मैनुद्दीन माझ्या ओट्यावर पाय वर घेऊन. मी म्हनलं, "भाई, ओट्यावर साप येत न्हाई. पाय सोडा खाली, रग लागंल." त्यानं एक पाय सोडला.

"मग येता कशाला एवढं भ्या वाटतं तर?"

"पोरगी एकटी जानार म्हनती, मावशी. मी म्हनलं, डोळे मिटून का हुईना, संगं असतो."

दुपारी उज्मानं विचारलं, तुमच्याकडे ह्या सापाला काय म्हणतात? मला सांगता आलं न्हाई. नाग माहीत हाय, घोनस, मन्यार, धामन, दिवड माहीत हाय. ह्या वरवंट्याला नाव न्हाई. म्हनून मी गावात विचारलं. फोटो माझ्यापाशी न्हाई, मी हातानं दाखवलं, मनगट धरून. माझा चुलत दीर आश्रुबा म्हनला ते मांडूळ. पिठाच्या गिरनीत एकजन म्हनला घोरपडीचं पिल्लू. गल्लीतली चंद्रभागाबाई म्हनली असलं काय नसतंच. ह्या गावात इतकी वर्सं काढली, आन एक जनावर असं हाय की त्याला कोनी हाकसुदीक मारली न्हाई. हे कसं, मला कळंना.

गुरुवार, २२ ऑगस्ट

साप दिसला न्हाई.

आश्रुबा आल्ता. देवीच्या कमिटीचा अध्यक्ष हाय त्यो. नवरात्रात राईत फरशी टाकायची म्हनून वर्गनी गोळा करतोय. दारात उभा राहून हळू आवाजात म्हनला, "वैनी, साप-बिप काय न्हाई. त्यो धनावरचा राखनदार असतोय. ती पोरगी धन हुडकती. तुमाला वही कावून दिली, कळतंय का?"

"कावून?"

ते त्याला सांगता आलं न्हाई. पन माझ्या डोक्यात किडा सोडून गेला.

रविवार, २५ ऑगस्ट

उज्माला तोंडावरच विचारलं, "खरं सांग, धन हुडकतीस का?"

ती इतकी हसली की ओढनी सुटली. मैनुद्दीन म्हनला, "मावशी, हिला धनाचा वास येत असता तर मी केळी कशाला इकत बसलो असतो?"

मग पोरीनं ओढनी आवळली. म्हनली, "आजी, तुम्हालाही मी खोटी वाटते का?"

मी म्हनलं, मला कायच वाटत न्हाई, मला कळत न्हाई म्हनून विचारलं. तिला ते पटलं का न्हाई कोन जाने. जाताना पानी न पिता गेली. मला ते लागलं. लागायला काय कारन हाय, ती माझी कोन?

सोमवार, २ सप्टेंबर. पोळा.

साप दिसला न्हाई. आश्रुबाकडं बैल राहिला न्हाई, त्यानं ट्रॅक्टरला झूल घालून मिरवला. ट्रॅक्टरला पुरनपोळी कुठं चारली ते बघायला मी गेले न्हाई.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

साप दिसला न्हाई. पन पान रिकामं राहतंय म्हनून लिहिते. उकिरड्यात पुन्हा एक जाड गांडूळ. आज माझ्या हातात खुरपं नव्हतं, हातानंच शेन काढत होते, तरीबी ह्याचं शेपूट तुटकं. वर मातीचा गोळा चिकटलेला, हात लावला तर खवल्यावानी खरखरीत. तळहातावर घेतलं तर बोटांच्या फटीत तोंड खुपसाय लागलं, जोर लई. गांडूळ असं करत न्हाई. गांडूळ बुळबुळीत असतं, हे कोरडं. उन्हात धरलं तर अंगावर मोरपिसावानी रंग फिरला, आन कुशीला हळदीचे डाग. माझ्याच हाताला हळद असंल.

खतामुळं माजल्यात. कोंबडीला टाकलं. ती आता दुसरं काय खातच न्हाई, ज्वारी टाकली तर तोंड फिरवती.

रविवार, १५ सप्टेंबर

उज्माचे सर २९ तारखेला येनार. तिनं लई विनवन्या केल्या म्हनून. एकच दिवस येनार, साप दिसला तर ठीक, न्हाई तर इषय बंद. पोरीच्या चेहऱ्याला रंग राहिला न्हाई. मी म्हनलं, "मग तोवर एखादा धरून ठेव की मडक्यात."

"धरायची परवानगी नाही, आजी. आणि सापडला तर धरीन ना."

तिनं आश्रुबाला हात जोडले, "काका, तोवर राईत कुदळ लावू नका, झाड तोडू नका, फरशीचं काम थांबवा." आश्रुबा पघळला. संभाजीनगरचा मोठा मानूस गावात येनार म्हनल्यावर त्याची छाती फुगली. म्हनला, "उज्माताई, काळजी करू नका. पाहुन्याला नाव ठेवायला जागा ठेवत न्हाई."

आमच्या घरात पाहुना यायचा म्हनलं की काय काय करायचं ते मला कोनी शिकवायला नको. बघू.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

अंग ठनकतंय पन लिहिते, कारन आज काम झालं.

चार दिवस उघाडी हाय. सकाळी गावातल्या झाडून बाया खराटे घेऊन राईत. नवरात्र तोंडावर हाय आन वरून पाहुना. मी सगळ्यांच्या पुढं. कुदळ लावली न्हाई, फांदी मोडली न्हाई, पोरीला दिलेला शब्द पाळला. फक्त झाडलं. पन असं झाडलं की करंजाखालची काळी माती दिसाय लागली. मला आठवतंय तवापासून ती माती कोनी बघितली नसंल. ढिगारेच्या ढिगारे पाला निघाला. दगडगोटे येचून कडंला रचले. वारुळापाशी पानी शिंपडलं, सडा टाकला. झाडांच्या बुंध्याला चुना आन गेरू. आश्रुबानं स्पीकर आनला होता, त्यो मीच बंद केला. साप बहिरा असला तरी आमी न्हाई.

पाला आतून ओला होता, पेटंना. मग आश्रुबानं डिझेल टाकलं. संध्याकाळपर्यंत धुरानं डोळे उघडंनात. दोन पाट्या मी जाळायच्या आधीच उकिरड्यात आनून टाकल्या, खताला.

धनश्री म्हनली, "आत्याबाई, राई वळखू येईना."

म्हनलं, येनार कशी, आजवर तिला कोनी आंघोळ घातली होती?

एवढ्या मोकळ्या जागेत आता साप आला तर लपंल कुठं? सरांना दारातनंच दिसंल.

रविवार, २९ सप्टेंबर

मला काय झालं तेच कळंना.

सकाळी जीप आली. उज्मा पुढं उतरली, मागून सर. वय झालेला मानूस, पांढरी पँट. आमी बाया वाटेच्या दोनी बाजूला, आरतीचं ताट, रांगोळी. उज्मा राईच्या तोंडाशी आली आन उभी राहिली. पुढं पाऊलच टाकंना. आधी मला वाटलं रांगोळीवर पाय पडू नये म्हनून. मग ती खाली बसली. तिनं काळ्या मातीला हात लावला. भाजलेली जागा होती तिथं गेली, राख उचलली.

आश्रुबा सरांना सांगत होता, "साहेब, तीन दिवस गाव राबलंय." एकच दिवस राबलं होतं.

सरांनी रचलेले दगड हलवून बघितले. करंजाच्या मुळ्या बघितल्या. मानूस वाईट न्हाई, घाम येईपर्यंत बघितलं त्यांनी. मग चष्मा पुसत उज्माला म्हनले, "हे बघ, इथं काही नाही. तेव्हाही नसेल. तुझी नजरचूक झाली असेल, असं आपण म्हणू." एवढं गोड बोलले, पन पोरगी अशी बघत होती जशी कोनी कानफटात मारलीय.

मैनुद्दीन आज कट्ट्यावर न्हाई बसला. सरांच्या पुढं जाऊन उभा राहिला. म्हनला, "साहब, माझी पोरगी खोटं बोलत न्हाई." सर म्हनले, तुम्ही पाहिला होता का साप? मैनुद्दीन उभाच राहिला.

जीप गेली. पोहे तसेच राहिले. उज्मा माझ्यापाशी आली. मी म्हनलं, "पोरी, कमी पडलं का काय? सांग की." तिनं माझा हात धरला, फोड आला होता खराट्यानं, त्याच्यावर अंगठा फिरवला.

"छान झाडलंय, आजी," म्हनली. आन रडाय लागली.

छान झाडलंय तर रडायचं कावून? मी इचारनार होते, पन ती बापाच्या स्कूटरवर बसून गेलीसुदीक.

साप दिसला न्हाई.

मंगळवार, १ ऑक्टोबर

दोन दिवस डोक्यात तेच. आश्रुबाला विचारलं, तो म्हनला शहरातली मानसं अशीच असत्यात, चहा घेत न्हाईत. चंद्रभागाबाई म्हनली पोरीला नजर लागली.

भाकरी थापताना धनश्री म्हनली, "आत्याबाई, त्यो साप पाल्यात राहत असंल. आपून पालाच जाळला."

"अगं, मनगटाएवढा साप! मी खराट्यानं पान अन् पान लोटलं, मला दिसला नसता? पळताना तरी दिसला असता."

ती भाकरी उलटून म्हनली, "ती म्हनत होती ना, वीतभर."

"वीतभर असला तरी दिसला असता."

तिनं पुढं तोंड उघडलं न्हाई. सून तोंड मिटती तवा जास्त त्रास हुतो. मी राईत जाऊन आले. ऊन आत शिरतंय आता, पहिल्यांदा. माती तापून भेगाळलीय. आपल्याच राईत मला परक्याच्या अंगनात उभं राहिल्यावानी वाटलं. काय चुकलं ते कोनी सांगंल तर मी ऐकून घेईन. पन सांगनारी बोलली 'छान'.

गुरुवार, ३ ऑक्टोबर. घटस्थापना.

आज जे झालं ते नीट लिहिते, कारन मला स्वतःला परत वाचावं लागंल.

सकाळी घट बसवला. दुपारी बापलेक आले. उज्माचं दाताळं आन डबे माझ्याकडं होते, ते न्यायला. मैनुद्दीननं उपासाला म्हनून केळीचा घड आनला. म्हनला, "मावशी, आता पुन्हा येनं हुनार न्हाई. पोरगी घरी बसती म्हनती." उज्मा सुकून गेली होती. मी वही पुढं केली. ती म्हनली, "राहू द्या आजी, तुम्हालाच."

डब्यांना माती लागली होती, तिचे हात भरले. पुढं घट होता, सारवलेलं ओलं होतं, म्हनून म्हनलं, मागं जा, पिंपापाशी धू हात. एरवी मी पाहुन्याला परसात जाऊ देत न्हाई. तिथं उकिरडा, शेरडांची घान. कोन दाखवतं ते?

मी केळी फडक्यावर ठेवतीय तवर मागनं अशी किंकाळी आली की माझ्या हातातला घड पडला. मैनुद्दीन वरडला, "साप चावला! माझ्या लेकराला साप चावला!" आन, हे मी डोळ्यानं बघितलं, त्यो पायात काय न घालता परसाकडं धावला.

बघते तर उज्मा कोंबडीच्या मागं लागलेली. तांबडीच्या चोचीत गांडूळ लोंबत होतं. कोंबडी पिंपाला वळसा घालून शेरडांच्या मधनं, पोरगी तिच्या मागं, ओढनी काट्यात, पाय शेनात. "आजी, धरा तिला! अब्बा, तिकडून!" मी म्हनलं ह्या पोरीला दुःखानं येड लागलं. कोंबडीच्या तोंडातलं गांडूळ मागती! "अगं, दुसरं देते, त्याच्यात लई हायेत!" मी वरडले.

ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडं बघितलं. "काय?"

तेवढ्यात मैनुद्दीननं कोंबडीवर झेप टाकली. अंगावरच पडला. पिसं उडाली, कोंबडी कोकलली, चोच सुटली. आन ते गांडूळ त्याच्या हातात. उघड्या हातात. त्यो बघत राहिला. डोळे उघडे. ते त्याच्या बोटांच्या फटीत तोंड खुपसाय लागलं.

"अब्बा, सोडू नका," उज्मा हळू म्हनली. "काही करत नाही ते. विष नाही त्याला."

"हे काय हाय?"

"तोच आहे, अब्बा."

मी म्हनलं, "हा? हे तर माझ्या उकिरड्यातलं गांडूळ!"

उज्मानं ते ओंजळीत घेतलं, खवले दाखवले, डोळा दाखवला. मोहरीच्या दान्याएवढा डोळा. गांडुळाला डोळा नसतो, एवढं मला कळतं. मग तिनं मोबाईल काढला, परत तानून फोटो दाखवला, आन शेजारी ते जनावर धरलं. ठिपक्याला ठिपका. मी फोटोकडं बघते, हाताकडं बघते. आता बोटाएवढ्या जनावराचा मनगटाएवढा फोटो काढल्यावर म्हातारीनं काय समजायचं? मी तिला तसं म्हनलं पन. ती हसत होती, रडत होती, शेनानं बरबटलेली, मैनुद्दीनच्या गळ्यात पडली. त्यो एकच म्हनत होता, "मी बघितला. साहबला सांग, मी बघितला."

मग तिनं विचारलं, "आजी, हे इथे आले कुठून?"

"राईतनं. पाल्याच्या पाटीत येत असतील. मी सालोसाल आनते."

"आणि असे किती पाहिलेत तुम्ही?"

मी कोंबडीकडं बघितलं. कोंबडी माझ्याकडं. "बघितलेत थोडे," मी म्हनलं.

रविवार, ६ ऑक्टोबर

सर परत आले. ह्या टायमाला सडा न्हाई, रांगोळी न्हाई. उज्मानं सगळ्यांना ताकीद दिली होती, कशालाच हात लावायचा न्हाई, शेनालासुदीक. ज्या मानसासाठी राई धुतली पुसली, त्यो पांढऱ्या पँटीनं माझ्या उकिरड्यात गुडघे टेकून बसला. आश्रुबा दारात फेट्यासकट उभा. मला लाजेनं कुठं तोंड लपवावं कळंना. आन सर म्हनत्यात, "वा! वा!" पन्नास वर्सं घर आरशावानी ठेवलं, कोनी वा म्हनलं न्हाई.

सर उठले तवा उज्माला म्हनले, "माझंच चुकलं." तिनं मान हलवली. मैनुद्दीन मागं उभा होता, दोनी पाय जमिनीवर.

राईचं काय, मी विचारलं. सर म्हनले, पाला परत साठला, ओल धरली, तर ते परत जातील. किती वर्सं लागतील ते सांगता येत न्हाई.

मी म्हनलं, झाडायला एक दिवस लागला आन साठायला तुमाला सांगता येत न्हाई. हे कसलं शास्त्र?



रविवार, १३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. फरशीचं काम आश्रुबानं बंद केलं. आता सगळ्यांना सांगतो, साप त्यालाच आधी माहीत होता.

मला अजून सगळं कळलंय असं न्हाई. घान ती चांगली आन झाडलेलं ते वाईट, हे डोक्यात बसत न्हाई. पन आज उज्मा म्हनली तसं शाळंतल्या वडाचा, रस्त्याकडच्या लिंबाचा पाला गोळा केला आन आमी बाया पाट्या घेऊन राईत चढलो. आजवर पाटी राईतनं खाली आनली, आज पहिल्यांदा वर नेली. चंद्रभागाबाई सगळ्या वाटेनं विचारत होती, घान देवीच्या दारात टाकायची म्हंजे काय. मी म्हनलं, गप चाल, मलाबी ठाऊक न्हाई.

बाया गेल्यावर मी एक पाटी उकिरड्यातली नेली. करंजाखाली, जिथं राख होती तिथं हळू उपडी केली. वरचा पाला सरकला, त्याच्यातनं ते तुटक्या शेपटीचं निघालं, दोन दिशांना तोंड फिरवलं आन मातीत घुसलं. शेपटीवरचा मातीचा गोळा तेवढा वर राहिला, दार लावल्यावानी. मग त्योबी गेला.

साप दिसला.

मागं पाला वाजला म्हनून वळून बघितलं तर तांबडी. डालग्याखाली कोंडली होती, कशी सुटली कोन जाने, माझ्या मागोमाग राईत आलेली. राईत दगड मारायचा नसतो. मी पाटीच फेकून मारली.